एलियाहूचा एलोजी होतो तेव्हा

गोव्यात दाबोळीला नौदलाचा 'हंसा' हा हवाई तळ आहे. 'आयएल-३८' ही रशियन बनावटीची टेहळणी विमाने १९७७ साली नौदलात आली आणि २०२३ साली याच तळावर निवृत्त झाली. समुद्रावर घिरट्या घालत पाणबुड्यांचा माग काढणे हे त्यांचे काम. हवाई दलाचे अवाढव्य मालवाहू 'गजराज' म्हणजे आयएल-७६ हेही त्याच घराण्यातले. यातले 'आयएल' आले सर्गेई इल्यूशिन या रशियन विमानरचनाकाराच्या आडनावावरून. इल्यूशिन म्हणजे इल्यूशाचा. गणपतचा गणू व्हावा तसा इल्याचा लाडाने इल्यूशा होतो. आणि इल्या म्हणजे मराठी बायबलात ज्याला एलीया म्हटले आहे तो यहुदी संदेष्टा. देवधर्माशी काडीमोड घेतलेल्या सोव्हिएत राजवटीने आपल्या लढाऊ विमानांवर एका संदेष्ट्याच्या नावाचे तुकडे रंगवले आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. तोवर त्या नावाचा अर्थ कुणाच्या ध्यानातच उरला नव्हता.

मूळ हिब्रू नाव एलियाहू. 'एल' म्हणजे देव, त्याला जोडलेला 'ई' म्हणजे माझा आणि 'याहू' हे यहुद्यांच्या ईश्वराच्या चार अक्षरी नावाचे आखूड रूप. ते चार अक्षरी नाव, ज्याचा उच्चार अभ्यासक 'याहवे' असा करतात, धार्मिक यहुदी तोंडाने घेत नाहीत. पण त्याचा हा तुकडा माणसांच्या नावांत बिनदिक्कत चालतो. मराठी बायबलातले यशया आणि यिर्मया हे मुळात यशयाहू आणि यिर्मयाहू आहेत. 'एल'चेही तसेच. कुठे तो पुढे लागतो, कुठे मागे: एलीशा, एलियाजर, शमुवेल, दानिएल. एलियाहूत मात्र देवाचा सामान्य शब्द आणि देवाचे विशेषनाम दोन्ही एकत्र आले आहेत. 'याहवे हाच माझा देव' असे ते सरळ सरळ वाक्यच आहे.

हे वाक्य ज्याने जगून दाखवले त्याची गोष्ट बायबलातल्या राजांच्या पुस्तकांत आहे. काळ इसवीसनपूर्व नववे शतक. उत्तरेकडच्या इस्राएलच्या राज्यात अहाब राजा गादीवर. त्याची राणी ईजबेल सीदोनची, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरची. तिच्या माहेरचा देव बाल. वादळाचा, मेघांचा, पावसाचा धनी. राजाही त्याच्या भजनी लागला. तेव्हा गिलादहून आलेला हा केसाळ, कमरेला कातडी पट्टा बांधलेला माणूस राजासमोर उभा राहिला आणि म्हणाला, मी सांगेपर्यंत पाऊस पडणार नाही. पावसाच्या देवाला पावसाचेच आव्हान! पुढे कार्मेल डोंगरावर सामना झाला. एका बाजूला बालाचे साडेचारशे संदेष्टे, दुसऱ्या बाजूला एकटा एलियाहू. दोन वेद्या, दोन गोऱ्हे, आणि अट अशी की लाकडे कोणी पेटवायची नाहीत, ज्याच्या देवाने आग पाठवली तो खरा. आग एलियाहूच्या वेदीवर उतरली आणि जमावाने ओरडून सांगितले की याहवे हाच देव. म्हणजे त्याचेच नाव, उलटे वाचलेले. त्यानंतर पाऊस आला.

पण हे नाव जगभर गेले ते या सामन्यामुळे नाही. ते गेले शेवटच्या प्रसंगामुळे. एलियाहू मरत नाही. अग्नीचा रथ, अग्नीचे घोडे येतात आणि वावटळीतून तो सदेह वर जातो. मागे शिष्य एलीशाच्या हाती उरतो त्याचा झगा. पुढे मलाखीच्या पुस्तकात आश्वासन येते की याहवेचा महान दिवस येण्याआधी एलीया पुन्हा पाठवला जाईल. जो मेलाच नाही तो कधीही दारात उभा राहू शकतो, आणि यहुदी घरांनी ही शक्यता अगदी मनावर घेतली. वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षरसाचा पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. मुलाच्या सुंतेच्या वेळी एक खुर्ची त्याच्या नावाने रिकामी असते. शनिवारी सूर्यास्तानंतर शब्बाथ संपला की त्याचे गीत म्हणतात. शास्त्रार्थात एखादा वाद सुटत नसेल तर 'एलियाहू येईल तेव्हा तो सांगेल' म्हणून बाजूला ठेवायचा, अशीही सोय आहे. ही शेवटची मला फार व्यवहारी वाटते.

हा माणूस हिब्रूच्या बाहेर पडल्याबरोबर त्याच्या नावाला पहिले शेपूट चिकटले ते ग्रीकचे. ग्रीकमध्ये पुरुषाचे नाव बहुधा 'स'ने संपते आणि शब्दाच्या मधला 'ह' लिहायला त्या लिपीत अक्षरच नाही. म्हणून 'याहू'तला ह गळला, शेवटी स आला आणि नव्या कराराच्या ग्रीकमध्ये तो एलियास झाला. ज्या तुकड्यात ईश्वराचे नाव होते नेमका तोच मोडला. लॅटिनने एलियास तसाच उचलला आणि तिथून तो युरोपभर पसरला. गंमत इंग्रजीची झाली. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात जुन्या कराराचे भाषांतर हिब्रूवरून आणि नव्याचे ग्रीकवरून झाले. त्यामुळे एकाच ग्रंथात, एकाच जिल्दीत, हाच माणूस आधी एलायजा आणि नंतर एलायस आहे. चर्चमध्ये बसलेल्या कित्येक साध्या माणसांना हे दोघे वेगळे वाटले असतील तर नवल नाही. एलायजातला 'ज' हाही मूळचा नाहीच, तो 'य'. जोसेफ, जेकब, जेरुसलेम या सगळ्यांत इंग्रजीने हाच खेळ केला आहे. मराठी बायबलाने मात्र दोन्हीकडे एलीया ठेवला, हे बरे केले.

ग्रीसमध्ये एलियास डोंगरावर जाऊन बसला. तिथल्या असंख्य शिखरांवर पांढरीशुभ्र छोटी देवळे दिसतात, ती 'प्रोफितिस इलियास'ची, म्हणजे संदेष्टा इलियासची. स्पार्टाजवळच्या टायगेटस पर्वताच्या सुमारे २४०० मीटर उंच शिखराचे नावच ते आहे. ग्रीकांचा सूर्यदेव हेलिओस, त्याचाही रथ, नावही जवळचे. तेव्हा हेलिओसच्या जागी एलियास बसला असा तर्क एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. ऐकायला झकास आहे. पण ग्रीसमध्ये डोंगरमाथ्यांवर जुनी पूजा बहुतेक झ्यूसची, पावसापाण्याच्या देवाची होती, हेलिओसची नव्हे. त्यामुळे या तर्कावर फार भार टाकू नये.

त्यापेक्षा ग्रीक खलाशांची लोककथा पाहावी. ती सांगते की संत इलियास आधी दर्यावर्दी होता. समुद्राने त्याला इतके छळले की एक दिवस तो खांद्यावर वल्हे टाकून जमिनीकडे चालत सुटला. भेटेल त्याला विचारायचा, हे काय आहे? लोक म्हणायचे, वल्हे. तो पुढे जायचा. अखेर उंच डोंगरात एकाने सांगितले, हे तर लाकूड आहे. ज्यांनी समुद्र पाहिलेलाच नाही अशा या माणसांत आपण राहावे, असे म्हणून तो तिथेच थांबला. म्हणून त्याची देवळे शिखरांवर. होमरचे 'ओडिसी' वाचलेल्यांना ही गोष्ट लगेच ओळखू येईल. तिथे ओडिसियसला हाच आदेश मिळतो, वल्हे घेऊन इतके आत जा की कोणी त्याला धान्य पाखडण्याचे अवजार म्हणेल. ग्रीकांनी वाळवंटातल्या यहुदी संदेष्ट्याला आपल्या जुन्या नायकाचे वल्हे देऊन टाकले.

स्लाव लोकांत याहून मोठी उलथापालथ झाली. त्यांचा जुना मेघगर्जनेचा देव पेरून. दहाव्या शतकाच्या मध्यास कीवचा राजा ईगोर याने बायझंटाइन साम्राज्याशी तह केला, त्याची नोंद जुन्या बखरीत ९४५ सालाखाली आहे. राजाने आणि त्याच्या जुन्या धर्माच्या सरदारांनी पेरूनच्या मूर्तीपुढे शस्त्रे ठेवून शपथ घेतली. त्यांच्यातले जे ख्रिस्ती झाले होते त्यांनी कीवमधल्या संत इल्याच्या चर्चमध्ये. राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारायला तेव्हा अजून चार दशके होती. पुढे पेरूनची मूर्ती गेली, पण ढग गडगडतच राहिले आणि ते काम इल्याकडे आले. आकाशात गडगडले की इल्याचा रथ धावतो आहे, असे रशियन शेतकरी म्हणत. सर्बियात त्याला 'ग्रोमोव्हनिक' म्हणजे गर्जनाकार हे विशेषणच लागले. त्याचा सण २० जुलैला, नव्या पंचांगाने २ ऑगस्टला. त्या दिवसानंतर नदीत पोहू नये, पाणी गार पडते, असे रशियात आजही वडीलधारे बजावतात.

यातला विनोद बायबल वाचणाऱ्याच्याच लक्षात येईल. ज्याने वादळाच्या देवाला, बालाला, भर डोंगरावर हरवले त्यालाच शेवटी वादळखाते सांभाळावे लागले. शिवाय त्याच पुस्तकात होरेब डोंगरावरचा प्रसंग आहे. सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, आग लागते, आणि यातल्या कशातच देव नसतो; नंतर येणाऱ्या मंद आवाजात तो असतो. हा प्रसंग लोकांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला. गडगडाट आवडणाऱ्यांना मंद आवाजाचे काय!

याच सणाच्या दिवशी, १७४१ साली, रशियाच्या सेवेतला दर्यावर्दी व्हिटस बेरिंग याचे जहाज अलास्काजवळच्या एका बेटाला लागले आणि तिथल्या भूशिराला त्याने संत इलियासचे नाव दिले. पुढे ते नाव जवळच्या ५४८९ मीटर उंच पर्वतालाही लागले. यहुदी रानातला माणूस असा बर्फात पोचला.

रशियन भाषेने या नावाला आणखी एक शेपूट जोडले, 'इच'. बापाच्या नावाला ते लागते आणि मुलाचे मधले नाव तयार होते. संगीतकार चायकोव्हस्की पूर्ण नावाने प्योत्र इल्यिच. लेनिनला घरगुती आदराने नुसते 'इल्यिच' म्हणत. ब्रेझनेव्हही लिओनिद इल्यिच. टॉल्स्टॉयने १८८६ मध्ये छापलेल्या, एका न्यायाधीशाच्या मृत्यूवरच्या कथेतल्या माणसाला इव्हान इल्यिच हे नाव दिले ते अगदी चारचौघांतले वाटावे म्हणून. इव्हान हाही मूळचा हिब्रू योहानानच. म्हणजे रशियातला सर्वसाधारण माणूस दाखवायचा तर दोन हिब्रू नावे लागली.

एकाच माणसाच्या दोन रूपांचे उदाहरण हवे असेल तर शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह घ्या. १८४५ साली खार्किव प्रांतात जन्मला तेव्हा इल्या. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळणाऱ्या पेशींचा शोध लावून १९०८ चे नोबेल मिळवले तेव्हा तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होता आणि आपल्या पुस्तकांवर 'एली' असे फ्रेंच रूप लिहीत होता. दह्यातले जंतू माणसाला दीर्घायुषी करतात हा त्याचाच सिद्धान्त. आज दह्याच्या डब्यांवर जे दावे छापलेले दिसतात त्यांचे मूळ बरेचसे तिथे आहे.

अरबीत हे नाव इलियास आहे. शेवटचा स सांगतो की ते थेट हिब्रूतून आलेले नाही, ग्रीक वळणाच्या ख्रिस्ती वाटेने आले. कुराणात इलियासचे नाव दोनदा येते आणि सदतिसाव्या सूरेत तो आपल्या लोकांना विचारतो की तुम्ही बालाला का हाक मारता. म्हणजे कथेचा गाभा शाबूत आहे. लोकश्रद्धेत त्याची जोडी जमली ती अमर मानल्या गेलेल्या ख्वाजा खिज्राशी. तुर्कस्तानात आणि बाल्कन प्रदेशात मेच्या पहिल्या आठवड्यात साजरा होणारा हिदरेल्लेझ हा वसंतोत्सव या दोघांच्या भेटीचा, आणि सणाचे नावही दोघांची नावे सांधून केलेले. युनेस्कोने २०१७ मध्ये त्याला वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडे चौदाव्या शतकात बंगालमध्ये शम्सुद्दीन इलियास शाहने घराणे स्थापले. केरळात २०१४ साली संतपद मिळालेले सीरियन ख्रिस्ती धर्मगुरू कुरियाकोस एलियास चावरा यांच्या नावात ग्रीक वळणाचा तोच एलियास आहे. महाराष्ट्रात मुसलमान घरांत इलियास आहेत, गोव्यात ख्रिस्ती घरांत एलियास.

इंग्लंडमध्ये मध्ययुगात एलियास इतका रुळला की घासून एलिस झाला आणि फ्रेंच लाडाचा प्रत्यय लागून एलियट. पुढे ही आडनावे बनली. अहमदाबादचा एलिस ब्रिज बॅरो हेल्बर्ट एलिस या अधिकाऱ्याच्या नावाचा, न्यूयॉर्कचे एलिस बेट सॅम्युअल एलिस या मालकाचे. या नावाचा अर्थ किती पुसला गेला होता ते मेरी ॲन इव्हान्स या कादंबरीकर्तीने दाखवून दिले. तिने पुरुषी टोपणनाव घेतले 'जॉर्ज एलियट'. एलियटच का? तर तोंड भरून म्हणता येते आणि उच्चाराला सोपे आहे म्हणून, असे तिने नंतर आपल्या नवऱ्याला सांगितले. अमेरिकेत मात्र प्युरिटन लोकांनी त्याआधीच जुन्या कराराची नावे मुलांना द्यायचा सपाटा लावला होता आणि एलायजा परतला होता. २०२० साली तिथल्या नवजात मुलग्यांच्या नावांत तो चौथ्या क्रमांकावर होता.

आता कोकण. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर बेने इस्रायली यहुदी शतकानुशतके राहिले. नवगावजवळ जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. आडनावे दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर. आणि नावे? शमुवेलचा सामाजी झाला, मोशेचा मुसाजी, दावीदचा दाऊदजी, अब्राहामचा आबाजी, बेन्यामीनचा बनाजी. एलियाहूचा एलोजी. ग्रीकांनी 'स' लावला, रशियनांनी 'इच', आपण 'जी' लावला. प्रार्थनालयात हिब्रू नाव, गावात हे नाव. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये मांडवीत बांधले ते सामाजी हसाजी दिवेकरांनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले हे अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. कागदोपत्री इंग्रजी वळणाने ते सॅम्युअल इझिकेल. कानाला मात्र सामाजी हसाजी म्हटले की पेशवाईतला एखादा सरदारच वाटतो.

कोकणात एलियाहू नुसत्या नावात राहिला नाही. हिब्रूत संदेष्ट्याला 'नावी' म्हणतात. इथे तो झाला 'एलियाहू हन्नाबी', शेजारच्या मुसलमानांच्या नबीशी कानाला जुळणारा. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावर खुणा आहेत. त्याच्या रथाच्या घोड्यांच्या टापांचे आणि चाकांचे हे ठसे, असे बेने इस्रायली मानतात; जागेला म्हणतात 'एलियाहू हन्नाबीचा टापा'. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांना यानेच शुद्धीवर आणले, असेही सांगतात. हिब्रू पंचांगातल्या शवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला, झाडांच्या नववर्षाला, त्याचा उरूस. यहुदी संदेष्टा, मुसलमानी शब्द, कोकणी खडक!

आणि मलिदा. लग्नाच्या आधी, नव्या घरात शिरताना, दुखण्यातून उठल्यावर, नवस फेडायचा असला की मलिदा करतात. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात साखर, खवलेला ओला नारळ, वेलची, बेदाणे, काजू, बदाम. कडेने पाच प्रकारची फळे आणि वासाला गुलाब किंवा सुगंधी पाला. एलियाहूचे हिब्रू गीत म्हणायचे, फळांवर एकेक आशीर्वचन म्हणायचे आणि प्रसाद वाटायचा. जगातल्या इतर यहुद्यांमध्ये एलियाहूचा पेला असतो, खुर्ची असते. त्याच्या नावाने पोहे फक्त इथलेच. ग्रीसमध्ये तो डोंगराचा राखणदार, रशियात गर्जनेचा मालक. कोकणात तो नवसाला पावणारा झाला. माझ्या मते या सगळ्या रूपांत हेच त्याच्या मूळ स्वभावाशी जास्त इमान राखणारे आहे, कारण बायबलातला एलीयाही गरीब विधवेच्या मडक्यातले पीठ संपू देत नाही आणि तिचे मेलेले पोर उठवतो.

एलोजी मात्र टिकला नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. जॉन विल्सन या मिशनऱ्याने तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. कोचीनच्या आणि बगदादी यहुद्यांशी संबंध वाढले आणि बायबलाच्या इंग्रजी वळणाची नावे रूढ झाली. सामाजीचा सॅम्युअल झाला, एलोजीचा एलायजा किंवा एलायस. १९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. लोद, रमला, अश्दोद, दिमोना अशा गावांत वसले. तिथे एलायजा पुन्हा एलियाहू झाला, बोलताना नुसता एली. हा एली आणि शमुवेलचा गुरू असलेला याजक एली हे वेगळे बरे का. हिब्रूत दोघांचे पहिले अक्षरच निराळे आहे. तिथेही मलिदा होतो, आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक या मंडळींनी तिथे चालवले.

एलोजी, मुसाजी, हसाजी ही रूपे आज सापडलीच तर रायगडातल्या बेने इस्रायली दफनभूमींतल्या मराठी कोरीव अक्षरांत, जुन्या दस्तांत आणि घरच्या वंशावळींत. दगड खारट हवेने झिजत आहेत. अलिबाग, पेण, रोहा भागात राहणाऱ्यांनी, इतिहासाची आवड असलेल्या तिथल्या शिक्षकांनी, समाजातल्या जाणत्यांची परवानगी घेऊन या अक्षरांची छायाचित्रे काढावीत आणि नावे जशी कोरली आहेत तशीच, सुधारून न लिहिता, उतरवून ठेवावीत.